आर्वीची लाइन

आमच्या कॉलेजात बाहेरगावी बोलता येईल असा फोन एकच होता, आणि आठवड्यातल्या एक-दोन दुपारी तो आम्ही अडवून ठेवायचो. त्यावरून माझी आणि हेडक्लार्कची किती भांडणं झाली असतील ते विचारू नका. ते म्हणायचे, "मॅडम, फोन माणसायनं बोलाले असते." मी म्हणायचे, "आमचंही बोलणंच चाललंय, तुम्हाला समजत नाही एवढंच." तोंडाची मी पहिल्यापासून फटकळ. वर्ध्याच्या बाजारात वडिलांच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी घासाघीस करत वाढलेली मुलगी, हेडक्लार्कला कुठली भिते.

ऐंशीनंतरची ती वर्षं. वर्ध्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवायचे आणि तिथल्याच एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या हाताखाली पीएच.डी.चं काम करायचे. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत, मीही इथे तेवढंच म्हणणार आहे. मोठी गणितं करू शकेल असा कॉम्प्युटर तेव्हा नागपुरात विद्यापीठाकडे होता. आमच्याकडे होती ती लहान यंत्रं, वर्गातल्या मुलांना शिकवण्यापुरती. गणित मोठं असलं की भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा पिशवीत घालून बसनं नागपूरला जायचं, रांगेत ठेवायचा आणि परत यायचं. पुढच्या खेपेला गेलं की कळायचं, एका स्वल्पविरामापायी गणित पहिल्याच ओळीला अडलंय. केळझरचं देऊळ बसच्या खिडकीतून जितक्या वेळा मी पाहिलं, तितक्या वेळा कुठल्या भक्तानंही पाहिलं नसेल. आणि दर वेळी गणपतीला हात जोडायचे ते मनातल्या मनात चरफडत.

सरांचं म्हणणं साधं होतं. माणसानं कशाला जायचं, गणितालाच तारेवरून पाठवू. इकडून प्रश्न जाईल, तिकडून उत्तर येईल. पुढे जगभर हेच झालं, त्यात आता कोणाला नवल वाटणार नाही. पण तेव्हा वर्ध्यात बसून असं बोलणाऱ्या माणसाकडे लोक जरा जपूनच बघायचे. त्यासाठी आधी दोन यंत्रांना टेलिफोनवरून एकमेकांशी नीट बोलता यायला हवं होतं, आणि आमचं सगळं संशोधन एवढ्याचंच होतं.

सुरुवातीला आम्ही नागपूरची लाइन घेतली नाही, आर्वीची घेतली. कारण ती जिल्ह्यातली सगळ्यात वाईट लाइन होती. खरखर, मध्येच कोणाचं तरी बोलणं, वारा सुटला की लाइन गायब. सर म्हणायचे, "आर्वीवर जमलं का नागपूर म्हंजे काईच नाई." आर्वीच्या एका शाळेत विज्ञानाचे शिक्षक सरांचे जुने विद्यार्थी होते. त्यांच्या प्रयोगशाळेत आम्ही एक यंत्र ठेवलं. आजूबाजूच्या गावांतल्या विहिरींच्या पाण्याची पातळी ते शिक्षक मोजून ठेवत, ते आकडे त्या यंत्रात भरत आणि तिथून आम्हाला कॉल लावत. कॉल लागला की फोनचा रिसीव्हर दोन रबरी वाट्यांत घट्ट बसवायचा. त्या वाट्या आम्ही ट्रकच्या ट्यूबमधून कापून केल्या होत्या. मग तिकडचं यंत्र आकड्यांचे आवाज करायचं, इकडचं ते ऐकून पुन्हा आकडे करायचं. आकडे लहान लहान तुकड्यांत यायचे. एक तुकडा नीट आला की आमचं यंत्र "पोचला" म्हणून कळवायचं, मग पुढचा.

सर मूळचे आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचे, शेतकऱ्याचे थोरले चिरंजीव. दूरच्या मोठ्या संस्थेत शिकायला गेले होते. तिथे असताना वडील वारले, आणि तार हातात पडली तेव्हा इकडे राख सावडूनही झाली होती. तिकडेच चांगली नोकरी मिळत होती, ती सोडून ते वर्ध्याला आले. कारण त्यांनी आईला शब्द दिला होता, "तुया वक्ताले मी जवळ राहीन. गंगेचं पाणी मायाच हातानं देईन." म्हातारीनं तो शब्द गाठ मारून ठेवला होता. कोणीतरी काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू तिच्या देव्हाऱ्यात होता आणि त्याला ती कोणाला हात लावू देत नसे. मी एकदा सरांबरोबर रोहण्याला गेले होते तेव्हा तिनं मला तो दुरूनच दाखवला. म्हणाली, "हा मोठ्याच्या हातचा हाय."

त्या वर्षी दिवाळीनंतर तिचं जेवण तुटलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. सर दर शनिवारी पुलगावहून अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीनं रोहण्याला जायचे, सोमवारी सकाळी परत. धाकटा भाऊ शेती बघायचा, तो आणि त्याची बायको आईजवळ होते. सरांनी भावाला बजावून ठेवलं होतं, "जरा जास्त वाटलं का पोस्टातून फोन करजो. मी तसाच निंगतो." रोहण्याहून निरोप पोचायला तेवढा एकच मार्ग होता. पोस्टातला फोन, मग आर्वीचं एक्स्चेंज, मग आमच्या कॉलेजातला तो फोन.

आता एक्स्चेंजचं सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. तेव्हा ट्रंक कॉल ऑपरेटर जोडून द्यायचा. दर तीन मिनिटांनी तो लाइनवर येऊन विचारायचा, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" माणसांना त्याचं काही वाटत नसे. आमच्या यंत्रांचं मात्र त्या एका वाक्यानं वाटोळं व्हायचं. त्याचा आवाज आकड्यांत मिसळायचा, दोन्हीकडची यंत्रं गोंधळायची आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. महिन्याभराचे आकडे एका दमात आणायचे तर बराच वेळ लागणार होता, आणि तेवढा वेळ कोणीही मध्ये न बोलता लाइन आम्हाला कधी मिळालीच नव्हती. विद्यापीठाला दाखवायला आमच्याकडे एकही पुरा प्रयोग नव्हता. सरांना निवृत्त व्हायला फार काळ राहिला नव्हता. त्यांचं काम अर्ध्यावर राहणार या विचारानं माझाच जीव खालीवर व्हायचा.

म्हणून एका शनिवारी सर रोहण्याला जाताना आर्वीच्या एक्स्चेंजमध्ये जाऊन आले, आणि मी बरोबर होते. ऑपरेटर त्याच भागातले, पन्नाशीचे, शांत गृहस्थ. सरांबद्दल त्यांना फार आदर. सर आले म्हणून ते खुर्ची सोडून उभेच राहिले. लाइनवरचा आमचा आवाज ऐकून ऐकून ते म्हणायचे, "सर, तुमचे रातकिडे आज चांगले बोलले." सरांनी त्यांना अडचण सांगितली. ते म्हणाले, "नाई बोलणार मधात, सर. वेळ मी लिहून घेईन. पण अर्जंट कोणाचा आला त?"

सर हसून म्हणाले, "कोणी मेलं तरी मधात बोलू नोका."

आपल्याकडे हे कोण म्हणत नाही? दुकानात माझे वडील दिवसातून चारदा म्हणायचे, मेलो तरी या भावात देणार नाही. त्यात मरण कोणाला ऐकू येत नाही. ऑपरेटरनीही हसून मान डोलावली. पण त्यांनी ती डोलावली, तेव्हा सरांना शब्द दिला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

प्रयोगाचा तो दिवस आठवड्याच्या मधलाच होता. सकाळी रोहण्याहून येणाऱ्या एका माणसानं निरोप आणला की आईनं काल पेज घेतली, बरं आहे. सरांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उतरलेला नव्हता. दुपारी आर्वीहून कॉल लागला. मी रिसीव्हर वाट्यांत बसवला, वरून जाड पुस्तक ठेवलं. रातकिडे सुरू झाले. एकेक तुकडा यायला लागला, पोचला, पोचला, पोचला. तीन मिनिटं झाली आणि मी श्वास धरला. कोणी बोललं नाही. पुढची तीन झाली, तरी नाही. सर खुर्चीत पुढे वाकून बसले होते, हात गुडघ्यांमध्ये. खिडकीबाहेर मुलांची कवायत चालली होती, ती संपली, मैदान रिकामं झालं. आमचे तुकडे येतच राहिले. शेवटचा तुकडा आला आणि यंत्रानं दाखवलं, सगळं पोचलं, एकही चूक नाही. मी सरांकडे बघितलं तर ते डोळे पुसत होते. म्हणाले, "झालं वं बाई. जमलं." मला त्या वेळी इतका आनंद झाला की मी त्या हेडक्लार्कलाही चहा पाजला असता.

मी रिसीव्हर वाट्यांतून काढून जागेवर ठेवला. ठेवला आणि लगेच घंटा वाजली.

आर्वीचे ऑपरेटर होते. सरांना द्या म्हणाले. मी म्हटलं, "अहो, सगळं पोचलं, तुमचे उपकार." ते म्हणाले, "मॅडम, रोयन्याहून सरांच्या भावाचा फोन आलता. आईचं जास्त झालं. म्या थांबवून ठेवला. मले वाटलं, आता होते, आता होते. बटनावर हात होता माया. पण तुमचं चालू होतं."

"कधी आला होता?" मी विचारलं.

"तुमचं सुरू झालं, तवाच. थोड्या वेळानं."

मी त्यांना काय काय बोलले ते आता सांगत नाही. अक्कल आहे का, माणूस आहात का, इथपासून सुरुवात होती. सरांनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. एवढंच ऐकलं आणि म्हणाले, "बरं. भावाले सांगा, निंगालो." मग त्यांनी यंत्राचं बटण बंद केलं, त्यावर कापड घातलं, कापडाचं टोक सरळ केलं. मला त्या कापडाचाही राग आला. मी ओरडले, "सर, आधी चला."

माझी लुना होती. सर उंच, त्यांचे पाय जमिनीला लागायचे. त्यांना मागे बसवून मी बसस्टँडवर आणलं. पुलगाववरून जाणारी बस नुकतीच सुटली होती. पुढच्या बसला वेळ होता. सरांना एकट्याला सोडायला माझं मन होईना, ती आल्यावर मीही चढले. सगळ्या रस्त्यात कापूस फुटलेला होता, वेचणीच्या बाया घरी निघाल्या होत्या, डोक्यावर गाठोडी. पुलगाव ओलांडल्यावर सर म्हणाले, "त्यानं तवाच तोडलं असतं त आधीची बस भेटली असती." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आधीची नाई, त्याच्याही आधीची." सर आयुष्यभर वेळेचाच हिशेब करत आले होते, कुठला तुकडा कधी निघाला, कधी पोचला. तो हिशेब त्यांना थांबवता येईना. मी खिडकीकडे तोंड करून रडले.

रोहण्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. अंगणात माणसं बसली होती आणि कोणी बोलत नव्हतं. ते पाहिल्यावर विचारायचं काही राहिलंच नाही. सरांचा भाऊ ओट्यावर बसला होता. तो उठला नाही. म्हणाला, "दादा, म्या पोस्टातच बसून राह्यलो. आता लाइन भेटते, आता भेटते, म्हने. तिकडं माय गेली, अन् मी पोस्टात." मग मान वर करून त्यानं विचारलं, "एवढा वेळ कोनासंगं बोलून राह्यला होता तू?"

सर म्हणाले, "कोणासंगच नाई."

माझ्या कानात ते उत्तर अजून आहे. खरं होतं ते. त्या सबंध दुपारी त्या लाइनवर माणूस कोणी नव्हतंच. आई एका मुलाची वाट बघत होती आणि दुसरा मुलगाही त्याचीच वाट बघत होता, दोघंही तिच्याजवळ नव्हते.

आत भावजय पदर डोळ्यांना लावून बसली होती. गडूचं सील तिनं फोडलं होतं. सर तिच्यासमोर जाऊन बसले. ती खाली बघूनच म्हणाली, "दादा, त्या तुमालेच इचारून राह्यल्या होत्या. मोठा आला का, मोठा आला का. म्या म्हटलं, निंगाले, रस्त्यातच हायेत. तवा घेतलं त्यायनं पाणी." सरांनी आपल्यापेक्षा कितीतरी लहान असलेल्या त्या बाईसमोर जमिनीला डोकं टेकवलं. धाकट्या भावजयीच्या पाया कोणी पडत नाही. घरातल्या बाया चरकल्या, पण कोणी अडवलं नाही.

तेरवीला आर्वीचे ऑपरेटर आले. आत यायची त्यांची हिंमत होईना, गोठ्याशी उभे राहिले. भावानं त्यांना ओळखलं आणि तो दुसरीकडे निघून गेला. मीही जागची हलले नाही, माझा राग उतरला नव्हता. सर स्वतः गेले, त्यांचा हात धरून आणलं आणि पंगतीत आपल्या शेजारी बसवलं. ऑपरेटर म्हणाले, "सर, तुमची इतक्या सालाची मेहनत. मले वाटलं, म्या बोललो का सारी मातीत जाईन." सर म्हणाले, "तुमी आमचं ऐकलं. तुमचं काई चुकलं नाई." आणि त्यांच्या पानात स्वतःच्या हातानं वाढलं. माझा राग तिथंच पडला. मग राग करायला कोणीच उरलं नाही आणि ते जास्त जड गेलं.

मला वाटलं होतं सर आता हे काम सोडतील. सोडलं नाही. महिन्याभरानं ते कामावर आले आणि म्हणाले, थोडा बदल करायचा आहे. ठरावीक तुकडे गेले की पाठवणाऱ्या यंत्रानं थांबायचं. क्षणभर काहीच पाठवायचं नाही, नुसतं ऐकायचं. तेवढ्यात एक्स्चेंजमधून ऑपरेटरनं ठरलेली शिट्टी दिली, तर दोन्ही यंत्रांनी जिथे असतील तिथे काम थांबवायचं, लाइन माणसाला द्यायची, आणि नंतर राहिलेल्या तुकड्यापासून पुढे सुरू करायचं. मी ते करून दिलं, पण वाद घातल्याशिवाय नाही. आमच्या विषयात सगळं वेगावर मोजतात. कोण किती लवकर पोचवतो, दुसरं काही नाही. या थांबण्यामुळे आमचा वेग कमी व्हायचा, आणि दुसरीकडचे लोक पुढे जायचे. मी म्हणायचे, "सर, कोणी शिट्टी देत नाही, आपण उगाच थांबतो." ते म्हणायचे, "देत नाई तर नोको देऊ. आपण थांबू." आमचा एक शोधनिबंध याच कारणावरून परत आला. वेग अपुरा, असा शेरा होता. सरांनी तो शेरा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि शिकवायला वर्गावर गेले. पुढे नागपूरची लाइन झाली, मोठ्या कॉम्प्युटरकडे आमची गणितं जायला लागली, उत्तरं त्याच दिवशी परत यायला लागली. त्या लाइनवरही आमची यंत्रं मध्ये मध्ये थांबायची आणि ऐकायची.

माझ्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली तेव्हा सर निवृत्तीला आले होते. बाहेरगावाहून आलेले परीक्षक मोठ्या संस्थेतले, हुशार आणि मुद्द्याचं बोलणारे. बाकी कामावर ते खूश होते. या थांबण्यापाशी आले आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. "ही रिकामी जागा कशासाठी? वेग इथेच जातोय तुमचा."

मी म्हटलं, "तातडीचा निरोप असला तर मध्ये येता यावा म्हणून."

"तुमच्या इतक्या वर्षांच्या चाचण्यांत असा निरोप कधी आला का?"

हे सगळं लावल्यापासून शिट्टी एकदाही वाजली नव्हती. मी खोटं कशाला बोलू. "नाही सर," म्हटलं, "एकदाही नाही."

"मग काढून टाका ना."

माझ्यासारखी तोंडाळ बाई प्रबंधाची पानं चाळायला लागली. अशा परीक्षेत मार्गदर्शकानं बोलायचं नसतं, सर बाजूच्या खुर्चीवर सुरुवातीपासून गप्प बसले होते. ते खालीच बघत होते.

"एक आला होता," ते म्हणाले. "आम्ही घेतला नाही."

परीक्षकांनी त्यांच्याकडे बघितलं, ते पुढे काही बोलतील म्हणून थोडा वेळ थांबले, आणि मग पान उलटून त्यांनी मला पुढचा प्रश्न विचारला.